दत्तक गाव

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या संमेलनात मी चार शब्द बोलावेत असे चिटणीसांचे पत्र आले, तेव्हा प्रथम मला संकोच वाटला. मी विद्वान नाही आणि वक्ता तर नाहीच नाही. एका औषधाच्या कारखान्यात हिशेबनीस म्हणून पस्तीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालेला मी एक साधा गृहस्थ आहे. परंतु चिटणीसांनी पत्रात लिहिले होते, “आपण सारे आयुष्य परमुलखात काढलेत, त्याविषयीच सांगा.” त्या ‘परमुलूख’ शब्दाने मला विचारात पाडले. ज्या गावात अर्धशतकाहून अधिक काळ राहिलो, जेथे मुले जन्मली आणि जेथे आईला अग्नी दिला, त्या बडोद्याला परमुलूख म्हणावे काय? या प्रश्नाचे मला सुचलेले उत्तर आपणांपुढे मांडावे, एवढाच आजच्या बोलण्याचा हेतू आहे.

१९६८ सालच्या जून महिन्यात मी राजापूरनजीकचे आमचे गाव सोडले. एस. टी. ने मुंबई आणि मुंबई सेंट्रलहून रात्रीच्या गाडीने बडोदे, असा तो प्रवास. भडोचजवळ नर्मदेचा पूल लागला, तेव्हा डब्यातील माणसे जागी होऊन खिडकीतून नदीत पैसे टाकू लागली. मीही एक पाच पैशांचे नाणे टाकले आणि हात जोडले. त्या वेळी माझ्यापाशी एक वळकटी, एक पत्र्याची पेटी आणि आपल्या संस्थेच्या तत्कालीन चिटणिसांचे एक पत्र, एवढीच पुंजी होती. पत्रात दोनच ओळी होत्या : “हा आपला मुलगा आहे. याची सोय पाहावी.” ते पत्र घेऊन मी दांडिया बाजारातील एका ज्ञातिबंधूंच्या दाराशी उभा राहिलो. त्यांनी पत्र वाचले, मला आत घेतले, आणि त्यांच्या पत्नीने विचारले, “आंघोळ आधी करतोस की चहा घेतोस?” तिसऱ्या दिवशी मला त्याच गल्लीत भाड्याची खोली मिळाली. आजही हा प्रसंग आठवला म्हणजे माझे डोळे भरून येतात. आपल्या संस्थेचे हे ऋण मी कधी विसरलो नाही, हे प्रारंभीच सांगतो. कारण पुढे मी जे बोलणार आहे ते या ऋणाविषयीच आहे.

बडोद्यात मराठी माणसाला परकेपणा वाटण्याचे वास्तविक कारण नाही. हे शहर १७३४ पासून गायकवाडांकडे होते. न्यायमंदिर, सूरसागर, खंडेराव मार्केट, कीर्तिमंदिर ही नावेच आपल्याशी बोलतात. महाराज सयाजीराव यांनी १९०६ साली साऱ्या संस्थानात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९१० साली मध्यवर्ती ग्रंथालय काढले, हे आपण शाळेत शिकलो आहोत. परंतु एक गोष्ट मला तेथे राहू लागल्यावर विशेष जाणवली. हे महाराजही मूळचे बडोद्याचे नव्हते. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या गावच्या शेतकरी घरातला हा बारा वर्षांचा मुलगा १८७५ साली दत्तक म्हणून बडोद्यास आणला गेला. त्याला मराठीबरोबर गुजराथीही शिकावी लागली. आणि पुढे त्याने त्या गावासाठी जे केले, ते गावात जन्मलेल्यांपैकी किती जणांनी केले असेल? मनुष्य गावाला दत्तक घेत नाही. गाव मनुष्याला दत्तक घेते. मात्र दत्तक गेल्यावर त्या घरचे कुळाचार आपले मानावे लागतात.

मी स्वतः ते प्रथम मानले नाहीत, हे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे. पहिली तीन वर्षे मी बडोद्यात राहिलो ते केवळ देहाने. खोली मराठी माणसाची, खानावळ मराठी, ग्रंथालयातील पुस्तके मराठी, संध्याकाळचे कीर्तनही मराठी. गणपतीला गावी जाण्यासाठी रजा साठवायची आणि उरलेले अकरा महिने दिवस मोजायचे. दुकानांवरच्या पाट्या मला वाचता येत नसत. गुजराथी अक्षरे पुष्कळशी आपलीच. पण त्यांच्या डोक्यावर रेघ नाही. कौले उडालेल्या घरांच्या रांगेसारखी ती मला दिसत.

ती अक्षरे मला शिकवली शेजारच्या एका म्हाताऱ्या बाईंनी. सारी गल्ली त्यांना ‘बा’ म्हणे. माझे लग्न झाल्यावर आम्ही त्यांच्या शेजारी बिऱ्हाड केले होते. शिकवताना गमती फार होत. एकदा त्यांनी आपल्या नातवाला ‘नानो’ म्हटले, तेव्हा मी चकित झालो. आपल्याकडे नाना म्हणजे घरातला वडीलधारा, त्यांच्याकडे नानो म्हणजे धाकटा! तोच नातू आजोबांना ‘दादा’ म्हणे, आणि मी मात्र गावाकडच्या थोरल्या भावाला दादा म्हणत असे. एकदा मी “दादाचे पत्र आले” असे सांगताच बांनी विचारले, “तुझे आजोबा अजून हयात आहेत?” परंतु एका शब्दापाशी दोन्ही भाषा जुळत. आपल्यात निघताना कोणी ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. गुजराथीतही निरोप देताना ‘आवजो’ म्हणतात, म्हणजे ‘या’. जाणारा ‘येतो’ म्हणतो आणि राहणारा ‘या’ म्हणतो. दोन्ही समाजांना जाण्याचा उच्चार अशुभ वाटावा, यात मला त्यांचे सख्खे नाते दिसले.

हळूहळू दिनक्रमही बदलत गेला. सकाळी कामाठीबागेत फेरी मारण्याची सवय लागली. १८७९ साली झालेल्या या बागेला आता सयाजीबाग म्हणतात. विश्वामित्री नदी तिच्यातूनच वाहते, आणि त्या नदीत मगरी आहेत. भर शहरात मगर ऊन खात पडलेली असते आणि माणसे पुलावरून कामाला जात असतात. रविवारी सेवउसळ, पाहुणा आला की लीलो चेवडो, मकरसंक्रांतीला तीळगूळ वाटून होताच गच्चीवर पतंग आणि उंधियो, नवरात्रात घट बसवून रात्री गरब्याला हजेरी, अशी आमच्या घरात दोन पंचांगे एकत्र नांदू लागली. मुलांना तर त्याचे काहीच नवल नव्हते. महाराष्ट्र आणि गुजराथ ही दोन्ही राज्ये १ मे १९६० या एकाच दिवशी जन्मली. त्यामुळे धाकट्या मुलीला पुष्कळ वर्षे असेच वाटे की ही एकाच घरातील जुळी भावंडे आहेत.

वडील वारल्यानंतर १९७५ साली आई आमच्याकडे आली. तिला बडोदे मुळीच आवडले नाही. विहिरीचे पाणी नाही, परसात नारळ नाही, पावसाला आवाज नाही, अशा तिच्या तक्रारी असत. परंतु तिची आणि बांची मैत्री जमली. आईला गुजराथी येत नव्हती, बांना मराठी बोलता येत नव्हती, आणि तरी दोघी रोज दुपारी ओट्यावर वाती वळत दोन-दोन तास बोलत. काय बोलत ते मला कधी कळले नाही. उठताना आई म्हणे, “येते हो,” आणि बा म्हणत, “आवजो.”

१९८३ च्या पावसाळ्यात एका रात्री आई गेली. पाऊस सारखा कोसळत होता. ज्ञातीतील जी दोन-चार घरे होती, त्यांतील मंडळी नदीपलीकडे राहावयास गेलेली. त्यांना निरोप पोचेपर्यंत सकाळ झाली. तोवर गल्लीतील माणसांनी बांबू, गवत, मडके, सारे आणून ठेवले होते. तिरडीला खांदा देणारे चौघे असे : मी, बांचा मुलगा, कोपऱ्यावरचा सिंधी दुकानदार, आणि कारखान्यातील माझा एक मुसलमान मित्र. आपले लोक आले ते स्मशानात. त्यांना मी दोष देत नाही, पाऊसच तसा होता. पण आईला घराबाहेर नेताना कोणी कोणाचे गोत्र विचारले नाही, ही गोष्ट माझ्या मनात राहिली.

अस्थींचा प्रश्न निघाला. दादाची तार आली की अस्थी गावच्या नदीतच आल्या पाहिजेत. मी गोंधळलो. त्या वेळी तो सिंधी दुकानदार म्हणाला, “तुम्हाला परत नेण्यासाठी गाव तरी आहे. माझ्या वडिलांच्या अस्थी मी चांदोदला नर्मदेत सोडल्या. आमची सिंधू तर पलीकडे राहिली.” मी अस्थींचे दोन भाग केले. एक भाग डभोईमार्गे चांदोदला नेऊन नर्मदा-ओरसंगाच्या संगमात सोडला, आणि एक भाग गणपतीला गावी नेला. शास्त्राला ते कितपत धरून होते, मला ठाऊक नाही. माझे मन तेव्हा दोन ठिकाणी होते. अस्थीही दोन ठिकाणी गेल्या. मात्र त्या दिवसापासून बडोदे मला परमुलूख राहिले नाही.

येथेच थांबलो असतो तर हे व्याख्यान सुखाचे झाले असते. पण एक गोष्ट सांगितल्यावाचून मला बसता येणार नाही.

१९८७ साली आम्ही कारेलीबागेत लहानसे घर बांधले आणि वरची खोली भाड्याने द्यावयाचे ठरवले. एके दिवशी विदर्भातील एक तरुण खोली पाहावयास आला. विद्यापीठात पुढील शिक्षणासाठी आलेला, नम्र, स्वच्छ मराठी बोलणारा. मी त्याला आडनाव विचारले. त्यावरून उलगडा झाला नाही, म्हणून गाव विचारले. मग कुलदैवत विचारले. मी काय विचारतो आहे ते त्याला केव्हाच कळले होते. त्याने शांतपणे आपली जात सांगितली. मी म्हणालो, “खोली कालच दिली हो.” तो उठला, हात जोडून म्हणाला, “बरं, येतो मी.” माझ्या तोंडून ‘या’ निघाले नाही. खोली त्यापुढे चार महिने रिकामी होती.

१९९१ साल हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जन्मशताब्दीचे. त्या निमित्ताने त्यांच्या बडोद्यातील वास्तव्याची हकीकत माझ्या वाचनात आली. ज्या संस्थानाने त्यांना शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेस पाठवले, त्याच संस्थानाच्या नोकरीत ते १९१७ साली रुजू झाले. एवढ्या मोठ्या शहरात त्यांना राहावयास जागा मिळेना. एका पारशी उतारगृहात ते नाव बदलून राहिले. जात कळताच लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. हिंदू व ख्रिस्ती मित्रांच्या घरीही आसरा मिळाला नाही. शेवटी मुंबईची गाडी सुटेपर्यंतचा वेळ त्यांनी एका सार्वजनिक बागेत काढला. ती बाग म्हणजे कामाठीबाग. जेथे मी वीस वर्षे सकाळची हवा खात होतो, तीच.

मी ते पुस्तक मिटून ठेवले आणि पेटीतील ते दोन ओळींचे पत्र काढले. “हा आपला मुलगा आहे. याची सोय पाहावी.” मला तिसऱ्या दिवशी खोली मिळाली ती माझ्या गुणांमुळे नव्हे, मी कोणाचा आहे, हे कागदावर लिहून आणले होते म्हणून मिळाली. मजहून सर्व प्रकारे थोर असलेल्या माणसाला त्याच शहरात मिळाली नाही, तीही तो कोणाचा आहे हे कळले म्हणूनच. ज्या किल्लीने माझे दार उघडले, तिनेच दुसऱ्याचे बंद झाले. आणि सत्तर वर्षांनी ती किल्ली माझ्या हाती आली, तेव्हा मीही तिने दार बंदच केले.

बंधुभगिनींनो, ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावर हे बोलणे काहींना अनुचित वाटेल. मी ज्ञातिसंस्थेविरुद्ध बोलत नाही. नव्या शहरात उतरलेल्या एकट्या मुलाला पहिले दार कोणी तरी उघडावे लागते, आणि ते काम अशा संस्थांनी मोठ्या ममतेने केले आहे. माझे म्हणणे इतकेच, की ज्याने ते घेतले त्याने ते फेडताना फक्त आपल्याच माणसाला फेडू नये. ऋण घराला होते, पण ते मिळाले शहरात. आणि शहरात येणारा प्रत्येक जण कोणा ना कोणाचा मुलगा असतो.

त्या तरुणाचा मी पुढे पुष्कळ शोध केला, पण पत्ता लागला नाही. तेव्हापासून आमच्या वरच्या खोलीत जो कोणी शिकावयास वा नोकरीस आलेला मुलगा विचारीत येतो, त्याला मी दोनच प्रश्न विचारतो : चहा घेणार की आधी आंघोळ? आजवर ओडिशाचे, बिहारचे, केरळचे, सौराष्ट्राचे मुलगे तेथे राहून गेले. कोणाची जात मला ठाऊक आहे, कोणाची नाही. भाडे मात्र सर्वांनी वेळेवर दिले, हे हिशेबनीस म्हणून नमूद करतो.

संस्थेला माझी एक नम्र विनंती आहे. आपली शिष्यवृत्ती आणि वसतिगृहातील जागा यांतील काही भाग दरवर्षी ज्ञातीबाहेरच्या गरजू मुलांसाठी ठेवावा. त्यासाठी मी आपल्या कुवतीप्रमाणे एक लहानशी रक्कम आज कोषाध्यक्षांच्या स्वाधीन करीत आहे. सोबत ते जुने पत्रही देतो. त्यातील एकही अक्षर बदलण्याची गरज नाही; ‘आपला’ हा शब्द जरा मोठ्या मनाने वाचला म्हणजे झाले.

आता रजा घेतो. आमच्या बडोद्यास कधी आलात तर घरी अवश्य यावे. येतो मी. आवजो.