डफ सर्वांच्या हाती



वसंतातल्या व्याख्यानाला विषय मोठा असावा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आमचा विषय लहान आहे. वीतभर रुंदीची दिमडी, तिच्याहून मोठा डफ, झांजा लावलेली खंजिरी आणि कडकडणारी हलगी ही एका कुळातली वाद्ये. एक कडे आणि त्यावर ताणलेले एक पान, एवढाच त्यांचा संसार. काखोटीला मारून कोठेही न्यावीत व झाडाखाली उभे राहून वाजवावीत. शाळेतील संगीताचे शिक्षण या वाद्यांपासून सुरू व्हावे, असे आमचे म्हणणे आहे.

ताल ही आपल्या मुलखाला परकी वस्तू नाही. इंद्रायणीच्या काठाने वर गेले की भाज्याची लेणी लागतात. दोन हजार वर्षांहून जुन्या त्या कातळात एक स्त्री हातांनी वाद्य वाजवीत आहे व दुसरी नाचत आहे. काठाने खाली गेले की देहू. तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी 1685 साली पालखी सुरू केली. आजही दिंडी चालू लागली की पखवाज एका-दोघांच्या गळ्यात असतो, पण टाळ असतात सर्वांच्या हाती. या साध्या गोष्टीत शिक्षणाचे एक मोठे तत्त्व आहे. जाणत्याने अवघड वाद्य सांभाळावे आणि सोपे वाद्य सर्वांनी घ्यावे, म्हणजे ऐकणारा असा वेगळा कोणी उरत नाही.

आमच्या शाळांत मात्र उलटे घडते. एक पेटी, एक तबला, दोन हुशार मुले वाजविणार आणि बाकीची चाळीस मुले हाताची घडी घालून बसणार! विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले व घराण्याच्या दाराआडची विद्या वर्गात आणली. त्या वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत ती पोहोचविण्याचे काम अजून उरले आहे. पखवाज त्यासाठी उपयोगी नाही. तो जड असतो, त्याच्या डाव्या पुडीला कणीक लावावी लागते आणि त्यावर हात बसायला वर्षे जातात. दिमडीवर पहिला बोल पहिल्याच दिवशी निघतो.

जर्मनीत म्युनिक येथे 1924 साली डोरोथे ग्युंटर यांनी एक शाळा काढली. संगीतकार कार्ल ऑर्फ तेथे शिकवीत. मुलाने आधी चालावे, टाळी द्यावी, हातातले लहान ढोलके वाजवावे आणि सूर त्यामागून यावा, ही त्यांची रीत पुढे देशोदेशींच्या शाळांत गेली. आपल्याकडे लेझीम शिकविणाऱ्या मास्तरांना हे नवे वाटणार नाही. हलगी वाजली की मुलांचे पाय आपोआप पडू लागतात, हे ते रोज पाहतात.

एका तासाचा नमुना सांगतो. केरव्याच्या आठ मात्रा घ्या. दिमडीवाल्यांनी आठही मात्रा वाजवाव्यात. खंजिरीवाल्यांनी दोन मात्रांच्या मधल्या जागा भराव्यात. डफवाल्यांनी फक्त पहिल्या मात्रेवर, समेवर, थाप द्यावी. पाचव्या मात्रेवर खाली येते. तेथे त्यांनी हात नुसता मोकळा दाखवावा. मुलांना सर्वांत अवघड जाते ती ही खाली. वाजविण्याची उबळ आवरून, शेजाऱ्याचे ऐकत थांबायचे! गप्प राहणे हाही वाजविण्याचाच भाग आहे, हे ज्या मुलाला आठ मात्रांत समजले, त्याला सभेत कसे बसावे हे निराळे शिकवावे लागत नाही.

मग अडते कोठे? पैशावर फारसे अडत नाही. या वाद्यांना खर्च बेताचा लागतो. मावळच्या पावसात चामडे सैल पडते व शेकल्याशिवाय बोलत नाही, ही अडचणही कृत्रिम पानांनी दूर केली आहे. 1957 च्या सुमारास अमेरिकेत अशी पाने प्रचारात आली. आज आपल्याकडे हलगीलाही फायबरचे पान सर्रास असते. चामड्याची ऊब त्यात नाही, पण जुलै महिन्यात वर्ग तरी बंद पडत नाही.

अडते ते मनात. हलगी वाजविण्याचे काम गावाने मातंग समाजाच्या, काही ठिकाणी महार समाजाच्या माथी मारले. लग्नात हलगी हवी, जत्रेत हवी, प्रेतयात्रेतही हवी. वाजविणारा मात्र उंबऱ्याबाहेर! 1927 साली महाडला डॉ. आंबेडकरांनी मेलेली जनावरे ओढण्यासारखी हीन मानलेली कामे सोडण्यास सांगितले. त्या जागृतीत अनेकांनी हलगीही खाली ठेवली, ती योग्यच ठेवली. तिच्या नादात त्यांना संगीताआधी हुकूम ऐकू येत होता.

एकदा एका शाळेत आम्ही मुलांपुढे वाद्ये मांडली. एका मुलाच्या हाती मास्तरांनी आपण होऊन हलगी दिली. "तुमच्या घरचीच आहे की," असे ते हसून म्हणाले. मुलाने हात मागे घेतला. "आजोबांनी सोडली. मी नाही धरणार," एवढेच तो बोलला. आम्ही त्याला आग्रह केला नाही. त्याने तासभर टाळीने मात्रा मोजल्या आणि वर्गात त्याच्याइतका पक्का कोणी नव्हता. चूक मास्तरांची होती आणि मास्तरांना न टोकणाऱ्या आमचीही होती. हलगी कोणाच्या घरची म्हणून द्यायची नसते. ती सर्वांपुढे ठेवायची आणि पहिली थाप इतरांनी द्यायची.

हेच वाद्य मान घेऊन उभे राहिलेलेही महाराष्ट्राने पाहिले आहे. वाटेगावच्या मातंग घरात 1920 साली जन्मलेल्या अण्णा भाऊ साठ्यांनी अमर शेख आणि गवाणकर यांच्यासह 1944 साली लाल बावटा कलापथक उभारले. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शाहिरांच्या डफाने मैदाने भरली. तो डफ कोणाच्या जातीचा, हे तेव्हा कोणी विचारले नाही. थाप पडली की हजारो माणसे एका समेवर येत.

तेव्हा आमचे मागणे एवढेच आहे. मावळातील प्रत्येक शाळेने डझनभर दिमड्या, चार डफ व दोन हलग्या घ्याव्यात आणि वर्गातल्या प्रत्येक मुलाचा व मुलीचा हात त्यांवर पडावा. आसपास कोणी जुना हलगीवाला असेल आणि त्याची इच्छा असेल, तर त्याला शिक्षक म्हणून बोलवावे, इतर शिक्षकांप्रमाणे मानधन द्यावे आणि खुर्ची द्यावी. नारळ आणि टोपी देऊन वाटेला लावू नये.

आता उठण्यापूर्वी सर्वांनी मिळून आठ मात्रा टाळीने देऊ. पाचवी मात्रा मात्र मोकळी सोडा. त्या क्षणी शेजारचा माणूसही आपल्याबरोबर थांबला आहे, एवढे ऐका. आम्हांला सांगायचे होते ते एवढेच.