बधिर हात जपा



धार-देवासकडे गव्हाची मळणी सुरू झाली की थ्रेशरमध्ये सापडलेले हात इस्पितळात येऊ लागतात. सोयाबीन निघालं की पुन्हा तेच. पीथमपूर आणि देवासच्या कारखान्यांतून चेंगरलेली बोटं तर बाराही महिने येतात. ऑपरेशन ठरलं की घरची मंडळी आम्हा भूलतज्ज्ञांना एकच सांगतात, "डॉक्टर, पूर्ण झोपवूनच टाका." खरं तर हाताच्या बऱ्याच ऑपरेशनांत तेवढा हात बधिर केला की पुरतं. पेशंट जागा राहतो, श्वास स्वतःचा स्वतः घेतो. पण आज मला बोलायचंय ते ऑपरेशननंतरच्या तासांबद्दल. हात अजून बधिर असतो आणि घरचे सगळे निर्धास्त झालेले असतात.

विहिरीचं पाणी पाटाने कसं जातं, हे माळव्यातल्या शेतकऱ्याला मी काय सांगणार? मानेतून निघणारी नसांची पाच मुळं अशीच एकत्र येतात, पुन्हा फाटतात आणि बोटांपर्यंत पोचतात. बधिर करायचं औषध टोचून हा पाट कुठे अडवायचा, ते कुठला वाफा कोरडा हवा त्यावर ठरतं. मानेपाशी अडवला तर खांदा बधिर होतो. कॉलरबोनच्या वर अडवला तर दंडापासून खाली जवळजवळ सगळा हात, काखेत अडवला तर कोपराखालचा. दंडाच्या आतल्या बाजूच्या एका वाफ्याला मात्र छातीकडून वेगळं पाणी येतं, म्हणून तिथे कधी जादा इंजेक्शन द्यावं लागतं.

1911 साली जर्मनीत कुलेनकाम्फ नावाच्या सर्जनने कॉलरबोनवरचं हे इंजेक्शन आधी स्वतःला टोचून घेतलं होतं. तेव्हा सुई अंदाजाने जायची, फुप्फुसाला लागण्याची भीती असायची. 1994 साली व्हिएन्नाच्या डॉक्टरांनी सोनोग्राफीत बघत औषध देण्याची पद्धत प्रसिद्ध केली. आता नस, रक्तवाहिनी, सुई, सगळं पडद्यावर दिसतं.

मुद्द्यावर येते. पाट अडवायला टाकलेली माती हळूहळू वाहून जाते आणि पाणी परत येतं. औषधाप्रमाणे याला दोन-चार तास लागतात, कधी अठरा, क्वचित त्याहून जास्त. तोवर हात उचलत नाही म्हणून आजी रडायला लागतात, "लकवा झाला!" लकवा नाही हो. पण त्या हाताला चटका कळत नाही, ठेच कळत नाही. गरम चहाचा कप त्या हातात देऊ नका, शेकायची पिशवी ठेवू नका, हात झोळीत किंवा उशीवर ठेवा. झोपेत तो अंगाखाली जाऊ देऊ नका. प्लास्टर घट्ट झालं तरी बधिर हात तक्रार करणार नाही, म्हणून बोटांचा रंग तुम्हीच बघत राहा.

आणि गोळी! हात दुखत नाही म्हणून गोळी ठेवून देतात, मग रात्री दोनला पाणी सुटतं आणि पेशंट तळमळतो. डॉक्टरांनी लिहिलेली गोळी वेळेवर, दुखणं सुरू होण्याआधी घ्या. पुन्हा सांगते, दुखणं सुरू होण्याआधी.

वेळ संपत आली. इंजेक्शन दिलेल्या बाजूची पापणी जराशी उतरली, आवाज बसला, तर घाबरू नका, औषधाबरोबर तेही जातं. पण दम लागला, छातीत दुखलं, बोटं निळी किंवा पांढरी पडली, किंवा डॉक्टरांनी सांगितलेली वेळ उलटूनही हात जागा झाला नाही, तर सकाळची वाट बघू नका, लगेच इस्पितळात या. आणि ऑपरेशनच्या दिवशी, फक्त हातच बधिर करणार आहेत म्हणून सकाळी पोहे-जिलबी खाऊन येऊ नका. पोट किमान सहा तास रिकामं हवं, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालेल. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर तीही आधी सांगा.