रणगाड्यांची मोटार गुरांच्या वाटेवर

मध्य ऑस्ट्रेलियांत एके काळीं गुरें शेंकडों मैल पायीं हांकून अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या रेल्वेपर्यंत आणीत. पाण्यावांचून तीं रोडावत, कांहीं वाटेंतच मरत. दुसऱ्या महायुद्धानंतर कर्ट योहानसेन यांनीं रणगाडे वाहणारी अमेरिकन ‘डायमंड टी’ मालमोटार या कामीं लावली. २०१ अश्वशक्तीचें डीझेल इंजिन. लाडकें नांव ‘बर्था’. परंतु नुसतें बळ काय कामाचें? मागें जोडलेले लांब गाडे वळणावर आंत ओढले जाऊन झाडांत, ओढ्यांत अडकतात. योहानसेन यांनीं आपल्या दोन गाड्यांचे पुढचे व मागचे, दोन्ही आंस वळते केले. मग शेवटचें चाकही पहिल्याच्याच चाकोरींतून जाऊं लागलें. (चाकोरी हा शब्द आपण उगाच नांवें ठेवण्यास वापरतों!) गुरें आतां अंगावर मांस राखून स्टेशनांत उतरूं लागलीं.