वांगे, कापूस आणि लोकांचा कौल

(पक्ष कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाची संहिता)



विज्ञानाच्या एखाद्या नव्या प्रयोगाला लोकांनी विरोध केला, की लोक अज्ञानी आहेत, भावनेच्या आहारी गेले आहेत, असे म्हणून मोकळे होण्याची सवय शास्त्रज्ञांना आणि सरकारी अधिकाऱ्यांना जडली आहे. उलट, लोकांनी विरोध केला एवढ्यावरूनच तो प्रयोग घातक ठरला, असे मानण्याची सवय डाव्या चळवळीला आहे. या दोन्ही सवयी किती फसव्या आहेत, हे बीटी वांगे आणि बीटी कापूस यांच्या हकिगती शेजारी शेजारी ठेवल्या म्हणजे कळते.

मातीत आढळणाऱ्या एका जिवाणूचे जनुक वांग्याच्या झाडात घातले, की शेंडा व फळ पोखरणारी अळी ते झाड खाऊन मरते. असे वांगे जालन्याच्या महिको या बियाणे कंपनीने तयार केले. या कंपनीत अमेरिकेच्या मोन्सॅन्टोची 26 टक्के भागीदारी होती. 14 ऑक्टोबर 2009 रोजी केंद्र सरकारच्या जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने या वांग्याला मान्यता दिली. तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी मात्र तो निर्णय तसाच अमलात न आणता 2010 च्या जानेवारी-फेब्रुवारीत नागपूरसह सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या. सुमारे 8,000 माणसे आली. घोषणा झाल्या, गोंधळही झाला. आणि 9 फेब्रुवारीला बीटी वांग्याला स्थगिती मिळाली.

त्या गोंधळाचीच वर्णने पुढे फार झाली. त्यामागचा प्रश्न मात्र साधा होता. मान्यता ज्या चाचण्यांवर उभी होती, त्या बहुतांशी कंपनीनेच केलेल्या किंवा करवून घेतलेल्या होत्या, आणि त्यांची आकडेवारी जाहीर व्हावी यासाठी माहिती अधिकारापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत झगडावे लागले होते. माल विकणाऱ्यानेच काटा आणावा आणि वजनही त्यानेच करावे, याला कोणतेही गिऱ्हाईक हरकत घेते. अशा हरकतीला अज्ञान म्हणता येत नाही. पुढे सप्टेंबर 2010 मध्ये देशातील सहा विज्ञान अकादमींनी वांग्याची पाठराखण करणारा अहवाल दिला, तर त्यातील काही मजकूर या तंत्रज्ञानाच्या एका पुरस्कर्त्याच्या लेखातून जवळजवळ जसाच्या तसा उचललेला निघाला, आणि अहवाल नव्याने लिहावा लागला. लोकांचा शास्त्रज्ञांवर विश्वास राहिला नाही, ही तक्रार करताना हा प्रसंग सहसा कोणी काढत नाही!

आता कापसाकडे पाहू. 2001 मध्ये गुजरातेत बेकायदा बीटी कपाशी शेतात उभी असल्याचे उघड झाले. सरकारने ती नष्ट करण्याचा आदेश काढला. शेतकऱ्यांनी तो मानला नाही. मार्च 2002 मध्ये महिको-मोन्सॅन्टोच्या तीन संकरित वाणांना रीतसर परवानगी मिळाली, आणि दहा वर्षांत देशातील कापसाच्या सुमारे नऊ दशांश क्षेत्रावर बीटी पसरली. ज्या विदर्भाच्या राजधानीत वांग्याला विरोध झाला, त्याच विदर्भात हे घडले. बोंडअळीने सगळे पीक गमावलेल्या माणसाने आपला हिशेब मांडला होता, आणि तो चुकीचा नव्हता.

हिशेबाची दुसरी बाजू नंतर उलगडली. हे जनुक भारतात संकरित वाणांतच विकले गेले. संकरित बियाणे घरी राखून उपयोग नसतो. दरवर्षी पाकीट विकत घ्यावेच लागते. 450 ग्रॅमच्या पाकिटाला 1,600 रुपयांच्या वर पैसे पडत, आणि त्यातला मोठा हिस्सा जनुकाचे शुल्क म्हणून जाई. 2006 मध्ये आंध्र प्रदेश सरकारने मक्तेदारी आयोगाकडे धाव घेतली, तेव्हा किंमत 750 रुपयांवर आली. विज्ञान तेच, जनुक तेच. केवळ मालकीला आव्हान मिळताच किंमत निम्म्याहून खाली आली. अळीनेही तोवर मार्ग काढला होता. गुलाबी बोंडअळी गुजरातेत पहिल्या जनुकाला दाद देत नाही, ही कबुली मार्च 2010 मध्ये, म्हणजे वांग्याच्या स्थगितीनंतर महिन्याभरातच आली.

तरीही 10 जून 2019 रोजी अकोला जिल्ह्यातील अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी तणनाशक सहन करणारी, परवानगी नसलेली कपाशी उघडपणे पेरली. त्या वेळच्या कायद्यात या गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद होती. डाव्या कार्यकर्त्यांनी या शेतकऱ्यांना कंपन्यांचे हस्तक म्हणून टाकले. हे चूक होते. निंदणाची मजुरी परवडत नाही, हे त्यांचे म्हणणे खरे होते. परंतु शेतकऱ्याची वाचणारी ही मजुरी म्हणजे निंदणाला जाणाऱ्या भूमिहीन बायांची कमाई. 'जनमत' म्हणून जे सांगितले जाते, त्यात या बाया वांग्याच्या बाजूने नव्हत्या, विरोधात नव्हत्या, कपाशीच्या वेळीही नव्हत्या. त्यांना कोणी विचारलेच नव्हते.

मालकीचा प्रश्न सुटू शकतो, याचे उदाहरण शेजारीच आहे. महिकोचेच जनुक घेऊन बांगलादेशाच्या सरकारी संशोधन संस्थेने आपल्या देशी वाणांत घातले. 2014 च्या जानेवारीत 20 शेतकऱ्यांना रोपे मिळाली, आणि बी घरी राखण्याची त्यांना मोकळीक आहे. भारतात असा प्रयत्न झालाच नाही असे नाही. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे राखता येण्याजोगे बीटी वाण 2009 मध्ये बाजारात आले. पण त्यात मोन्सॅन्टोचेच जनुक आढळले आणि विक्री थांबवावी लागली. सार्वजनिक संशोधनाचा हा पराभव कोणत्याही कंपनीच्या नफ्यापेक्षा समाजवाद्यांना अधिक बोचायला हवा होता. त्यावर मोर्चा निघाला नाही.

दिल्ली विद्यापीठात सार्वजनिक पैशातून घडलेल्या जनुकीय मोहरीला ऑक्टोबर 2022 मध्ये पर्यावरणीय मान्यता मिळाली. 23 जुलै 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी त्या मान्यतेवर परस्परविरोधी निकाल दिले. सर्व संबंधितांशी विचारविनिमय करून राष्ट्रीय धोरण आखावे, यावर मात्र दोघांचे एकमत झाले. ही मोहरीही तणनाशक सहन करते. धोरणाच्या चर्चेत बियाणे कंपन्या येतील, शास्त्रज्ञ येतील, शेतकरी संघटनाही येतील. निंदणाला जाणाऱ्या बायांच्या वतीने तेथे कोण बोलणार, हे पक्षाच्या तालुका शाखांनी त्यांच्या वस्तीत जाऊन, त्यांच्याशी बोलून आताच ठरवायला हवे.