कुरडईपाशी अडलेला हिशेब

उन्हाळी वाळवणाची गडबड आता उरकली असेल. आज मी वाळवणाच्या हिशेबाची एक गोष्ट सांगणार आहे. ही गोष्ट संगणकाची आहे, पण संगणक न शिवलेल्या बाईलाही कळेल अशीच सांगते.

आमचा बचत गट पापड, कुरडया, शेवया, मसाले आणि पिठं विकतो. पूर्वी सगळं वहीत लिहायचो. मग एक जुना संगणक मिळाला आणि त्यावर हिशेबाचे तक्ते करायचा एक मुक्त स्रोत प्रोग्राम बसवून घेतला. मुक्त स्रोत म्हणजे काय, तर ज्याची कृती झाकून ठेवलेली नाही असा. मसाल्याचं प्रमाण सगळ्यांना सांगून टाकावं, कुणीही करून बघावं, चुकलं तर सुधारावं, तसं. पैसे पडत नाहीत आणि मराठीतही लिहिता येतं, म्हणून आम्ही तो घेतला.

हिशेब लिहायचं काम गटातल्या एका तरुण सुनेकडे दिलं. बारावी झालेली, हात चपळ. महिन्याला थोडं मानधनही ठरवलं. सुरुवातीचे महिने छान गेले. मग चैत्रात एक दिवस ती लिहीत असताना हिशेबाची खिडकी एकदम मिटली. संगणक चालूच, फक्त तक्ता गायब. पुन्हा उघडला तर दुपारभर लिहिलेलं निम्मं गेलेलं. चार दिवसांनी पुन्हा तसंच. मग आठ दिवस काहीच नाही. मग एका दिवसात दोनदा.

तालुक्याहून दुरुस्तीवाल्या मुलाला बोलावलं. त्याने तासभर बसून भराभर काहीबाही टाइप केलं. एकदाही खिडकी मिटली नाही. "काकू, मशीन चांगलं आहे," म्हणाला आणि गेला. आमच्या अध्यक्षाबाई लिहायला बसल्या, तेव्हाही काही झालं नाही. मी बसले, तरी नाही. ती सून बसली की मात्र कधीतरी मिटायचंच.

मग काय होणार? बायकांत कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं, तिला येतच नाही. कुणी म्हणालं, तिचा हातच जड आहे. बँकेला कागद द्यायची तारीख जवळ आलेली, त्यामुळे सगळ्यांचाच जीव टांगणीला. बैठकीत विषय निघाला की हे काम तिच्याकडून काढून घ्यावं. ती खाली मान घालून बसली होती. एवढंच म्हणाली, "ताई, मी वेगळं काहीच करत नाही हो."

तेव्हा मला एक ऐकलेली गोष्ट आठवली, ती मी बैठकीत सांगितली. २००९ सालची आहे आणि खरी आहे. उबंटू नावाची एक मुक्त स्रोत प्रणाली आहे, तिच्यावर ओपनऑफिस हा प्रोग्राम वापरणाऱ्या एका घरातली. त्या घरातली बायको नवऱ्याला म्हणायची, ओपनऑफिसमधून मंगळवारी कागद छापलाच जात नाही. आता असं कुणी म्हटलं तर आपण काय म्हणू? मशीनला कुठला आलाय वार! पण त्या बाईने नवऱ्याला मंगळवारी समोर करूनच दाखवलं. खरंच कागद छापला गेला नाही. दुसऱ्या प्रोग्राममधून मात्र छापला जात होता. मग त्याने तक्रार लिहून पाठवली, त्यात बायकोचं म्हणणंही लिहिलं.

कारण काय निघालं, ऐका. कागद छापायला पाठवताना संगणक त्याच्यावर तारीख आणि वार लिहितो. मंगळवारी तिथे वाराची तीन इंग्रजी अक्षरं यायची, टी, यू, ई. संगणकात आणखी एक छोटा प्रोग्राम असतो. समोर आलेला दस्तऐवज कोणत्या जातीचा, हे खुणा बघून ओळखणं हे त्याचं काम. त्याच्या खुणांच्या यादीत एक चूक होती. ही तीन अक्षरं दिसली की तो म्हणायचा, हा छापायचा कागद नाही, ही एरलँग भाषेतली फाइल आहे. मग छपाई व्हायचीच नाही. म्हणजे दोष ओपनऑफिसचा नव्हता, छपाईच्या यंत्राचा नव्हता आणि त्या बाईचा तर नव्हताच. तिने वार लक्षात ठेवला, म्हणून चूक सापडायला वाट मिळाली.

बैठकीत हसू आलं सगळ्यांना, पण मुद्दा पटला. आम्ही ठरवलं की महिनाभर कुणी कुणाला बोल लावायचा नाही. संगणकाशेजारी एक वही ठेवायची. खिडकी मिटली की लगेच लिहायचं: तारीख, वेळ, कोण लिहीत होतं, कुठली फाइल, नेमका कुठला शब्द लिहिताना, त्याआधी कुठलं बटण दाबलं, पडद्यावर काही सूचना आली का. आणि न मिटता काम झालं, तर तेही लिहायचं. हे दुसरं फार महत्त्वाचं. दूध कधी नासतं हे कळायचं असेल, तर कधी नासलं नाही हेही माहीत हवं ना?

तीन आठवड्यांत पाच नोंदी झाल्या. वेळ वेगळी, वार वेगळा. वीज गेली-आली त्याच्याशी संबंध नाही. फाइलची नक्कल दुसऱ्या संगणकावर नेली, तिथेही एकदा मिटली, म्हणजे आमच्या मशीनचा दोष नव्हता. पण पाचही वेळा शब्द एकच होता, कुळीथ पीठ. आणि पाचही वेळा त्याच रकान्यात वर कुरडई लिहिलेली होती.

आता तिला सांगितलं, अगदी सावकाश करून दाखव. त्या प्रोग्राममध्ये एक सोय असते. वर लिहिलेलं नाव पुन्हा लिहायला घेतलं की तो ते आपोआप पुरं करतो. तिने 'कु' लिहिलं की प्रोग्राम घाईने पुढे 'कुरडई' पुरं करायचा. तिला तर कुळीथ हवा. मग ती पटकन मागे खोडायचं बटण दाबायची आणि त्याच क्षणी खिडकी मिटायची.

आम्हाला का होत नव्हतं, तेही उलगडलं. अध्यक्षाबाई आणि मी एकेक अक्षर शोधत लिहिणाऱ्या. आमचे डोळे बटणांवर, पडद्यावर काय पुरं झालं ते आम्ही बघतच नव्हतो. न खोडता पुढे लिहीत जायचो, शब्द बरोबर उमटायचा. दुरुस्तीवाला मुलगा इंग्रजीत टाइप करत होता. आणि खिडकी एकदा मिटली की ती सून घाबरून पुढची ओळ जपून लिहायची, म्हणून लगेच पुन्हा व्हायचं नाही. तीन गोष्टी एकत्र याव्या लागत होत्या: मराठी टायपिंग, वर त्याच अक्षराने सुरू होणारं नाव, आणि मधेच खोडणं. कुरडया तर आम्ही उन्हाळ्यातच करतो, म्हणून आधीचे महिने नीट गेले.

एवढ्यावर थांबलो नाही. आपोआप पुरं करायची सोय बंद केली आणि तेच सगळं दहा वेळा केलं. एकदाही मिटलं नाही. सोय पुन्हा चालू केली, तसंच केलं, खिडकी मिटली. तेव्हा खात्री पटली. मग ती सोय बंदच ठेवली आणि बँकेचे कागद तारखेच्या आत दिले.

दुरुस्तीवाल्या मुलाने नंतर आमच्या वतीने प्रोग्राम करणाऱ्यांना तक्रार लिहिली. त्यासाठी तीनच ओळींची छोटी फाइल केली. गटाचा खरा हिशेब पाठवला नाही. त्यांनी उलट विचारलं, प्रोग्रामची आवृत्ती कोणती, संगणकाची प्रणाली कोणती, मराठीचा कीबोर्ड कोणता. सगळं लिहून दिलं. पुढच्या एका आवृत्तीत ती चूक दुरुस्त झाली.

मैत्रिणींनो, तुमच्या गटात असं झालं तर काय करायचं, ते आता थोडक्यात सांगते. वही जवळ असेल तर लिहून घ्या.

पहिलं, दर थोड्या वेळाने कंट्रोल आणि एस ही बटणं एकत्र दाबून काम जतन करा. आठवड्यातून एकदा फाइलची नक्कल पेनड्राइव्हवर ठेवा. चूक सापडेपर्यंत नुकसान तरी होणार नाही.

दुसरं, खिडकी मिटल्यावर प्रोग्राम पुन्हा उघडला की तो बहुधा विचारतो, गेलेलं काम परत आणू का? घाईने नाही म्हणू नका. आधी परत आणा, मग तपासा.

तिसरं, नोंद लगेच करा. संध्याकाळी आठवून लिहिलेली नोंद कामाची नसते.

चौथं, एका वेळी एकच गोष्ट बदला. आमटी बिघडली म्हणून मीठ, गूळ, चिंच सगळं एकदम बदललं, तर काय चुकलं होतं ते कधीच कळणार नाही.

पाचवं, तुम्ही लिब्रेऑफिस वापरत असाल, तर मदतीच्या यादीत सुरक्षित पद्धतीने पुन्हा सुरू करायची सोय आहे. त्यात प्रोग्राम तुमच्या नेहमीच्या मांडणीशिवाय उघडतो. तिथे बिघाड झाला नाही, तर दोष बहुधा त्या मांडणीत किंवा नंतर जोडलेल्या सोयींत असतो. त्याच मदतीच्या यादीत आवृत्तीचा क्रमांकही सापडतो.

सहावं, तक्रार पाठवताना सभासदांची नावं, आधार क्रमांक, खाते क्रमांक कधीही पाठवू नका. वेगळी छोटी फाइल करा.

आणि शेवटचं. "माझ्याकडूनच होतं" असं जी सांगते, तिला गप्प बसवू नका. चूक कुठे लपली आहे, हे तिलाच सर्वांत जवळून दिसत असतं. आमची ती सून आजही हिशेब लिहिते. यंदा शेजारच्या दोन गटांतल्या बायकाही तिच्याकडे शिकायला येतात. पहिल्या दिवशी ती त्यांच्या हातात एक कोरी वही देते आणि म्हणते, संगणक नंतर, आधी ही उघडा.

येते मैत्रिणींनो. नमस्कार.