आजची सूट आणि उद्याचे बक्षीस

४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. या पोलादाच्या कारखान्यामागून नाना प्रांतांतली माणसे तेथे आली. त्यांत मराठी बिऱ्हाडेही होती. आज छत्तीसगडात असलेल्या या गावातले असे एखादे मराठी कुटुंब पगार हाती आला की सिव्हिक सेंटर, सुपेला वा पॉवर हाऊसच्या बाजारात जाते, तेव्हा त्याच्यापुढे दोन आमंत्रणे असतात. एक दुकान म्हणते, "शंभरामागे दहा रुपये आजच कमी द्या." दुसरे म्हणते, "आज पुरे पैसे द्या. शंभरामागे दहा पॉइंट आपल्या कार्डावर चढवू. एक पॉइंट म्हणजे एक रुपया. तो पुढच्या खरेदीत वळता होईल."

वरवर दोन्ही सारखीच. पण हिशेब मांडून पाहावा. हजाराच्या मालाला पहिल्या दुकानात नऊशे रुपये पडतात. दुसऱ्या दुकानात हजार मोजावे लागतात. मग शंभराचा माल फुकट मिळतो. म्हणजे अकराशेच्या मालावर शंभराची सूट, शेकडा सुमारे नऊच! तीही पॉइंट मुदतीत वापरले तर. मुदत टळली की शून्य. शिवाय ते वापरण्यासाठी त्याच दुकानाची पायरी पुन्हा चढावी लागते, आणि शंभर रुपये सोडवायला गेलेला गृहस्थ पाचशेची अनावश्यक खरेदी करून परततो. भिलाईच्या शेजारपाजारी ऐकू येणारी हिंदी म्हण आहे, 'नौ नकद, न तेरह उधार'. येथे तर उधारीचे तेराही नाहीत.

मग उद्याचे बक्षीस नेहमीच फसवे काय? तसे नाही. १८४४ साली इंग्लंडातील रॉचडेल गावी २८ जणांनी सहकारी दुकान काढले. त्यांनी माल बाजारभावानेच विकला आणि उरलेला नफा प्रत्येकाच्या खरेदीच्या प्रमाणात वाटला. रोज वाचलेला पैसा नकळत खर्चून जातो. एकरकमी हाती आलेला लाभांश मात्र शिल्लक टाकता येतो. मुंबईत १९४८ साली सुरू झालेला 'अपना बाजार' याच सहकारी परंपरेतला.

फरक हिशेबाच्या वहीचा आहे. सहकारी दुकानात वही सभासदांची असते. वार्षिक सभेत उभे राहून तो जाब विचारू शकतो. कार्डाच्या दुकानात वही दुकानदाराची आणि नियमही त्याचेच.

म्हणून शहाण्या गृहिणीने आजची सूट घ्यावी, आणि वाचलेले शंभर रुपये त्याच संध्याकाळी बँकेत वा पतपेढीत टाकावेत. सूटही मिळाली आणि रॉचडेलची शिल्लकही साधली. मात्र सूट देण्यापूर्वी मूळ भावच चढवलेला नाही ना, हे दुसऱ्या दुकानी विचारून घ्यावे.

राहता राहिली निष्ठा. जो वाणी वर्षानुवर्षे माप चोख देतो, नासका माल बिनतक्रार परत घेतो, घरी आजारपण आले असता महिनाभर थांबतो, त्याच्याकडे गिऱ्हाईक कार्डावाचून जाते. ती निष्ठा त्याने सचोटीने मिळवलेली असते. ती जेथे मिळवलेली नाही, तेथे रोख सूट मागण्यात संकोच कसला?