फाटकाशी बसलेली नटी

(गुलमंडीत झालेल्या महिला गटांच्या बैठकीतील भाषण)



आजचा विषय ‘एका गायिका-अभिनेत्रीची कारकीर्द’ असा कळवला होता. मघाशी जिना चढताना एक ताई म्हणाल्या, “बरं झालं, आज रडगाणं नाही, नुसतं गाणं.” गाणं ऐकूच. त्याआधी या बाईच्या कामाबद्दल बोलू.

1939 सालची गोष्ट. पुण्यात प्रभात फिल्म कंपनीच्या फाटकाशी एक बाई उपोषणाला बसली. ती त्याच कंपनीची आघाडीची नायिका होती: शांता आपटे. करार आणि पगार यांवरून तिचा कंपनीशी वाद होता. देशाला उपोषण माहीत होतं ते गांधीजींमुळे. एका नटीने आपल्या कामाच्या हक्कासाठी ते करावं, हे लोकांना पचणारं नव्हतं. वर्तमानपत्रांना विषय मिळाला आणि ‘नखरे’ हा शब्दही निघाला. बाई मोबदल्याबद्दल बोलली की हा शब्द निघतोच.

मी समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण घेतलं तेव्हा कामगार चळवळीच्या तासाला गिरण्या शिकवल्या, गोदी शिकवली, विडी कामगार शिकवले. हे फाटक कुणी दाखवलं नाही. सिनेमातली बाई काम करते, असं आपल्याला वाटतच नसावं.

शांताबाई फाटकापर्यंत कशा पोचल्या, ते थोडं मागं जाऊन पाहू. मराठी संगीत रंगभूमीवर बायकांच्या भूमिका पुरुष करत. बालगंधर्वांची लुगडी नेसण्याची ढब घरंदाज बायका उचलत, पण त्याच बायकांनी रंगमंचावर यायचं नाही. फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये 1913 साली दुर्गाबाई कामत आणि कमलाबाई गोखले या मायलेकी उभ्या राहिल्या, हे धाडसच होतं. पुढे 1929 मध्ये हिराबाई बडोदेकरांनी स्वतःची नाटक कंपनी काढली. 1933 च्या ‘आंधळ्यांची शाळा’मध्ये ज्योत्स्नाबाई भोळे आल्या. दार असं एकेक बाई ढकलत गेली, तेव्हा किलकिलं झालं.

त्याच सुमारास, 1932 मध्ये, शांताबाई ‘श्यामसुंदर’ चित्रपटात राधा झाल्या. 1934 मध्ये प्रभातच्या ‘अमृतमंथन’ने त्यांचं नाव झालं. नायिकेला तेव्हा अभिनयही करावा लागे आणि गाणंही स्वतःच गावं लागे. शांताबाई गाताना हात, मान, डोळे सगळं वापरत. नुसतं उभं राहून गाणं म्हणणाऱ्या नायिकांच्या काळात हे नवं होतं.

मग 1937 साली ‘कुंकू’ आला. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा, व्ही. शांतारामांनी दिग्दर्शित केलेला. नीरा नावाच्या पोरीचं फसवून म्हाताऱ्या वकिलाशी लग्न लावतात आणि ती त्याला नवरा मानायला नकार देते. सावत्र मुलगा अंगचटीला येतो तेव्हा ती हातात छडी घेते. म्हाताऱ्याची विधवा मुलगी समाजसेविका आहे. ती भूमिका शकुंतला परांजपे यांनी केली. त्याच शकुंतलाबाई प्रत्यक्षात संततिनियमनाच्या कामात आयुष्यभर राबल्या. चित्रपटाला संगीत केशवराव भोळ्यांचं. त्यात मागं वाजणारं संगीत जवळजवळ नाहीच, घरातलेच आवाज. शेवटी म्हातारा जीव देतो. नीरेच्या सुटकेसाठी नवरा मरावाच का लागतो, यावर आपण चहाच्या वेळी भांडू. पण ‘नाही’ म्हणणारी मुलगी त्या पडद्यावर उभी राहिली, आणि ती शांताबाईंच्या आवाजात बोलली.

दोन वर्षांनी हीच बाई फाटकाशी बसली. नीरेला डोक्यावर घेणाऱ्या जगाला शांता आपटे जड गेली. पडद्यावरचं बंड चालतं, पगाराच्या वहीतलं चालत नाही.

1940 मध्ये त्यांनी ‘जाऊ मी सिनेमात?’ नावाचं पुस्तक लिहिलं. सिनेमात जाऊ पाहणाऱ्या मुलींचा तो प्रश्न आहे. तिथल्या झगमगाटामागं शरीर झिजवणारे कष्ट आहेत आणि पैसा लावणारा व राबणारा यांत मोठी दरी आहे, असं त्या सांगतात. एका नटीने स्वतःला कष्टकरी म्हणून पाहिलं, तेही 1940 साली!

प्रभात सुटल्यावर त्या थांबल्या नाहीत. 1941 मध्ये तमिळ ‘सावित्री’त नायिका झाल्या, त्यात एम. एस. सुब्बुलक्ष्मी नारद होत्या. 1942 मध्ये लाहोरच्या पंचोलींचा ‘जमीनदार’ केला. पण पार्श्वगायन रुळलं, तशी एका बाईच्या कामाची दोन कामं झाली. चेहरा एकीचा, आवाज दुसरीचा. आवाजवालीचं तर नावही राहिना: 1949 च्या ‘महल’मधल्या लताबाईंच्या गाण्याच्या तबकडीवर आधी गायिका म्हणून पात्राचंच नाव, ‘कामिनी’, छापलं होतं. गाणाऱ्या नायिकांचा काळ ओसरला. 24 फेब्रुवारी 1964 रोजी शांताबाई गेल्या. प्रभातच्या जागेत आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे.

ही जुनी गोष्ट आता कशाला, असं कुणी म्हणेल. केरळात चित्रपटातल्या बायका 2017 मध्ये संघटित झाल्या. त्यांच्या मागणीवरून नेमलेल्या हेमा समितीचा अहवाल 2019 मध्ये सरकारला मिळाला आणि लोकांपुढे यायला 2024 चा ऑगस्ट उजाडला. त्यात लैंगिक छळ तर आहेच. शिवाय लेखी करार नाही, संडासाची सोय नाही, कपडे बदलायला जागा नाही. फाटकाशी बसलेल्या त्या बाईनंतर पंच्याऐंशी वर्षांनी!

आणि केरळ लांब नको. आपल्या गटातली एक मुलगी लग्नसराईत ऑर्केस्ट्रात गाते. सुपारी ठरते, म्हणजे आपल्या सुपारी हनुमानाची नव्हे, कार्यक्रमाची! ती ठरवतो चालक, पैसे जातात भावाच्या हातात. मी विचारलं, “एका रात्रीचे किती?” तिला आकडाच माहीत नव्हता. “ताई, मला गायला मिळतं ना,” म्हणाली. खाली बाजारात साड्यांच्या दुकानांत आपल्याच मैत्रिणी दिवसभर उभ्या असतात. केरळने 2018 मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायचा हक्क कायद्याने दिला. आपल्याकडे एक स्टूल मागायचं, तरी पोर दहा वेळा विचार करते.

आवड आहे म्हणून मोबदला विचारायचा नाही, ही फसवणूक गाणारीचीही होते, बालवाडीच्या ताईचीही, आणि खरं सांगायचं तर आपल्यासारख्या कार्यकर्तीचीही.

म्हणून पुढच्या बैठकीला प्रत्येकीने एक कागद आणायचा. काम कोणतं, तास किती, पैसे किती, कुणाच्या हातात. एवढंच लिहायचं. लिहिता येत नसेल तिने शेजारणीला सांगायचं. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या ठिकाणी छळ झाला तर 2013 च्या कायद्याने जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तो अर्ज कसा करायचा, तेही आपण त्या दिवशी शिकू.

फाटकाशी शांताबाई एकट्या होत्या. त्यांच्या शेजारी बसायला तेव्हा कुणी संघटना नव्हती. आपल्या त्या गाणाऱ्या मुलीवर तशी वेळ आली, तर आपण किती जणी बसू, ते आज घरी जाताना ठरवा.

आता त्यांचं गाणं लावू या.